नारायण, करुण, जेहान: भारतीय रेसरची शिडी कुठल्या पायरीवर मोडते?

ॲपेक्स

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आजवर दोनच भारतीय उतरले. नारायण कार्तिकेयन २००५, २०११ आणि २०१२ मध्ये, करुण चंडोक २०१० आणि २०११ मध्ये. मुंबईचा जेहान दारुवाला एक पायरी खाली, फॉर्म्युला टूपर्यंत पोचला आणि तिथून पुढे सरकला नाही. हा विषय निघाला की गाडी 'आपल्याकडे पैसा नाही' या वाक्याशी येऊन थांबते. पैशाचं खरंच आहे, पण ते अर्धंच. या तिघांची वर्षं ओळीने मांडून बघा. योग्य वयात गाडीत बसून काढायचे तास कमी पडले, आणि मोठी संधी आली तेव्हा बुडाखालची गाडी धड नव्हती, असं माझं मत आहे. धागा त्यासाठीच काढलाय.

सुरुवात नारायणपासून करतो. जन्म १४ जानेवारी १९७७. घर कोइम्बतूरचं, वडील जी. आर. कार्तिकेयन यांनी दक्षिण भारत रॅली सात वेळा जिंकलेली. त्याच गावात एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं इंजिन एकासनी चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, बसवून 'फॉर्म्युला मारुती' उभी केली होती. नारायणची पहिली शर्यत याच गाडीतली, चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला. म्हणजे युरोपातली मुलं ज्या वयात कार्टमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाडीत, दर आठवड्याला चाळीस जणांशी भिडत असतात, ते वय त्याच्या हातून तसंच निघून गेलं. १९९२ मध्ये तो फ्रान्सच्या विनफिल्ड रेसिंग स्कूलला गेला आणि तिथल्या 'पायलट एल्फ' निवड स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. १९९६ मध्ये फॉर्म्युला आशिया जिंकली. ही मालिका जिंकणारा तो पहिलाच आशियाई. १९९८ ते २००० ब्रिटिश एफ-थ्री, म्हणजे फॉर्म्युला थ्री. जून २००१ मध्ये सिल्व्हरस्टोनला जॅग्वारच्या एफ-वन गाडीची चाचणी, आणि त्यानंतर थेट २००५ मध्ये जॉर्डन या एफ-वन संघात जागा.

या दोन तारखांमधली पावणेचार वर्षं फार महाग पडली. चाचणी चोविसाव्या वर्षी, पहिली शर्यत अठ्ठाविसाव्या. मधल्या काळात तो जपानमध्ये आणि निस्सान वर्ल्ड सिरीजमध्ये चालवत होता, वेगही होता, पण एफ-वनच्या गाडीत सलग बसणं नव्हतं. तरीही मेलबर्नला पहिल्याच पात्रता फेरीत पावसाचा अंदाज धरून त्याने सुरुवातीची बारावी जागा काढली. शर्यतीत पंधरावा आला. त्या वर्षीची जॉर्डन कुठे होती हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या बाराव्या जागेचं मोल सांगायला नको.

टायरवाला

नारायणच्या खात्यात कारकिर्दीत पाच गुण आहेत आणि ते सगळे एकाच दिवसाचे: १९ जून २००५, इंडियानापोलिस. 'सहाच गाड्या होत्या, म्हणून मिळाले' असं लोक एका वाक्यात उडवून लावतात. त्या दिवशी नेमकं काय बिघडलं होतं ते समजून घेण्यासारखं आहे.

तिथलं तेरावं वळण म्हणजे ओव्हल ट्रॅकचा उतरता वळसा, बाजूला कललेला. एफ-वन गाडी तो पूर्ण थ्रॉटलवर घेते. नेहमीच्या सपाट वळणात टायरवर जोर येतो तो मुख्यतः आडवा. कललेल्या वळणात गाडी रस्त्यात दाबलीही जाते, म्हणजे उभा भार वाढतो, आणि तोही कितीतरी सेकंद सलग. गाडी उजवीकडे वळत असल्याने सगळ्यात जास्त मार बसतो डाव्या मागच्या टायरला. त्यात ट्रॅकवर नवं डांबर पडलेलं आणि हिऱ्याच्या पात्यांनी त्यावर बारीक खाचा मारलेल्या. पकड वाढली तसा टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा ताणही वाढला. शुक्रवारी राल्फ शूमाकरची गाडी त्याच वळणात डावं मागचं टायर जाऊन भिंतीवर आदळली.

एरवी दुसरे टायर लावून वेळ मारून नेता आली असती. पण २००५ च्या नियमात पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत एकाच संचावर काढायची होती. आपले टायर त्या वळणात दहा फेऱ्यांच्या वर सुरक्षित नाहीत, असं सात संघांना टायर पुरवणाऱ्या मिशेलिनने लेखी कळवलं. शर्यत ७३ फेऱ्यांची. वळणाआधी शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण, टाकायची मागणी एफआयए या जागतिक नियामक संघटनेने फेटाळली. वीस गाड्या शर्यतीआधीच्या फॉर्मेशन फेरीला निघाल्या, मिशेलिनच्या चौदा पिटमध्ये, म्हणजे गॅरेजकडे, वळल्या. उरल्या ब्रिजस्टोनच्या सहा: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. ब्रिजस्टोनला फायदा असा की त्यांच्याच घरातल्या फायरस्टोनला अमेरिकेतल्या ओव्हल शर्यतींचा आणि त्या नव्या पृष्ठभागाचा अनुभव होता.

नारायण चौथा आला. सहकारी टियागो मोंटेरो तिसरा. त्या दिवशी नारायण मोंटेरोच्या पुढे राहिला असता तर एफ-वनच्या पोडियमवर भारतीय उभा असता, ही हळहळ मला आजही वाटते. पण गाडी शेवटपर्यंत नेली, भिंतीला लावली नाही. त्या वळणात ते ७३ वेळा करायचं होतं.

पिटलेन_पुणे

करुणची पहिली शर्यत बघा, म्हणजे 'गाडी धड नव्हती' याचा अर्थ कळेल.

कागदावर त्याची तयारी नारायणपेक्षा नीटनेटकी. २००० मध्ये फॉर्म्युला मारुतीचा विजेता, २००६ मध्ये फॉर्म्युला रेनॉ व्ही-सिक्स आशियाचं विजेतेपद, मग जीपी-टूची (आजच्या एफ-टूची आधीची मालिका) तीन वर्षं. २००७ मध्ये स्पाची आणि २००८ मध्ये हॉकेनहाइमची छोटी शर्यत जिंकलेली. २०१० च्या मार्चमध्ये एचआरटी या नव्या संघाने त्याला घेतलं. संघाची मालकी हंगामाच्या तोंडावर बदललेली. चासी दलाराने बांधलेली, इंजिन कॉसवर्थचं, आणि हंगामाआधी एक दिवसही चाचणी नाही.

बहरीनला शुक्रवारी त्याची गाडी गॅरेजमध्येच जोडली जात होती. दोन्ही सराव सत्रं गेली. शनिवारी सकाळचं तिसरंही गेलं. दुपारी पात्रता फेरीत तो बाहेर पडला, तीच त्या गाडीची आयुष्यातली पहिली फेरी. ब्रेक कुठे चावतात, पेडलचा प्रवास किती, सीट पाठीला कुठे टोचते, गिअर पडताना मागची चाकं अडकतात का, हे सगळं ड्रायव्हर एरवी तीन दिवसांत शिकतो. त्याने ते घड्याळ चालू असताना शिकायचं होतं. रविवारी पिटलेनमधून सुरुवात, पेट्रोलने भरलेल्या टाकीसह पहिल्यांदाच, आणि दुसऱ्या फेरीत अपघात.

पुढे मेलबर्नला त्याच गाडीने तो चौदावा आला, मलेशियात पंधरावा, मोनॅकोला पुन्हा चौदावा. मोनॅकोला तर शेवटच्या फेऱ्यांत यार्नो त्रुलीची लोटस त्याच्या डोक्यावरून गेली. दहा शर्यतींनंतर जागा साकोन यामामोतोला दिली. कारण वेगाचं नव्हतं, संघाला पैसा घेऊन येणारा माणूस हवा होता.

२०११ मध्ये १०७ टक्क्यांचा नियम परत आला. पात्रतेच्या पहिल्या टप्प्यातली सर्वोत्तम वेळ १०० सेकंद असेल तर तुमची १०७ च्या आत हवी, नाहीतर शर्यतीत प्रवेश नाही. मेलबर्नला एचआरटीच्या दोन्ही गाड्या त्यात अडकल्या आणि नारायण बाहेर बसला. त्या गाडीलाही आधी धड चाचणी मिळालेली नव्हती. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली. नारायण सतरावा आला. करुणला लोटसने शुक्रवारचं एक सत्र दिलं, शर्यत दिली नाही.

साधा_प्रश्न

सगळं पटलं. पण यामामोतोचं उदाहरण पैशाकडेच बोट दाखवतं ना? मग पैसा 'अर्धी गोष्ट' कशी?

ॲपेक्स

प्रश्न रास्त आहे. एफ-थ्रीच्या हंगामाला दहा लाख युरोच्या वर लागतात, एफ-टूला वीस लाखांच्या वर. हे पैसे ड्रायव्हरने आणायचे असतात. नारायणमागे टाटा आणि जेके टायर होते. ते नसते तर २००५ झालंच नसतं. पण पैसा फक्त जागा विकत घेतो. त्या जागेवर बसून काय करायचं ते दहा ते पंधरा या वयात अंगात मुरतं, आणि ते वय परत विकत मिळत नाही. जेहानकडे पैशाची बाजू बऱ्यापैकी सांभाळलेली होती, म्हणून त्याची कारकीर्द जास्त शिकवून जाते. एफ-टूवर जाणकार असतील त्यांनी लिहा.

डेल्टा_टाइम

लिहितो. जेहान दारुवाला, जन्म १ ऑक्टोबर १९९८, मुंबईचा पारशी मुलगा. रेयोमंद बानाजी यांच्या रेयो रेसिंगमध्ये कार्टिंगचे धडे. २०११ मध्ये सहारा फोर्स इंडियाच्या 'वन फ्रॉम अ बिलियन' शोधमोहिमेतून निवड झाली आणि तो युरोपात कार्ट चालवू लागला. वय तेरा. नारायण-करुणपेक्षा कितीतरी आधी, पण इटालियन मुलं तिथे आठव्या वर्षापासून असतात. २०१७ मध्ये युरोपियन एफ-थ्रीमध्ये नॉरिसरिंगची शर्यत जिंकली. २०१९ मध्ये एफआयए एफ-थ्रीत प्रेमा संघाकडून एकूण तिसरा. इथवर आलेख चढता आहे. २०२० पासून रेड बुलच्या ज्युनिअर चमूत.

आता सुपर लायसन्सचा, म्हणजे एफ-वन चालवायच्या परवान्याचा, हिशेब. २०१६ पासून एफ-वनमध्ये यायला तीन वर्षांत ४० गुण लागतात. त्याशिवाय सहसा वय १८ पूर्ण, रस्त्यावरचा परवाना, नियमांची परीक्षा आणि एफ-वन गाडीत ३०० किलोमीटर. एफ-टूमध्ये पहिल्या तिघांना सरसकट ४०, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १०, सातव्याला ८. पाचवा आणि सातवा यांच्यात मैदानावर दोन-तीन चांगल्या रविवारांचा फरक असतो, पण गुणांत २० आणि ८. शिडी इथे एकदम उभी होते.

जेहान २०२० मध्ये कार्लिन संघात बारावा आला, ७२ गुण. त्याच संघात, त्याच गाडीत, तोही रेड बुलचाच असलेला युकी सुनोदा २०० गुणांसह तिसरा आला आणि पुढच्या वर्षी अल्फाटौरी या एफ-वन संघात बसला. पुढे २०२१ मध्ये जेहान सातवा, २०२२ मध्ये पुन्हा प्रेमाकडून सातवा. म्हणजे एफ-टूच्या तीन हंगामांतून सुपर लायसन्सचे १६ गुण. हुशारी नव्हती असं कुणी म्हणू नये. २०२० च्या डिसेंबरमध्ये साखीरला जिंकला, २०२२ मध्ये मोन्झाची मुख्य शर्यत जिंकला. त्याच वर्षी मॅकलॅरनच्या एफ-वन गाडीत सिल्व्हरस्टोनला चाचणीही दिली.

मग अडलं कुठे? माझं बोट पात्रता फेरीवर आहे. एफ-टूत सगळ्यांची चासी दलाराची, इंजिन मेकाक्रोमचं ३.४ लिटर व्ही-सिक्स टर्बो, साधारण ६२० अश्वशक्ती. सराव फक्त ४५ मिनिटं, लगेच त्याच दिवशी ३० मिनिटांची पात्रता. टायरचा एक संच खरी फेरी एकदा, फार तर दोनदा देतो. त्याआधीच्या तयारीच्या फेरीत पुढचे टायर गरम व्हायला हवेत आणि मागचे तापून निसटायला नकोत. हे तापमान हाताला आणि बुडाला कळावं लागतं. २०२० मध्ये १८ इंची चाकं नवीन आली, म्हणजे जुन्यांचाही अंदाज शून्यावर आला. दहावा-बारावा सुटलात की गर्दीत टायर जळतात, आणि मुख्य शर्यतीचे मोठे गुण पुढच्यांच्या खिशात जातात. ही एका फेरीची कला कार्टमध्ये शिकतात. तिथे दर शनिवारी नवे टायर लावून पाच-सात मिनिटांत वेळ काढायची असते.

कुश मैनीने २०२५ मध्ये मोनॅकोला एफ-टूची छोटी शर्यत जिंकली, ही त्यानंतरची मोठी आनंदाची बातमी. तिथे जिंकणारा तो पहिला भारतीय.

कोल्हापुरी_कार्ट

आता मूळ पायरीवर या. आपल्या कोल्हापुरात मोहिते रेसिंगचा कार्ट ट्रॅक आहे, रोटॅक्स इंजिनांच्या राष्ट्रीय कार्ट स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. पोराला नुसतं कार्टमध्ये बसवलं म्हणजे तास भरत नाहीत. चुकीच्या जुळणीवर शंभर तास काढले तर चुकीची सवय शंभर तासांची होते.

कार्टला डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) नसतो आणि सस्पेन्शनही नसतं. मागचा ॲक्सल एकच सलग नळी, दोन्ही चाकं सारखीच फिरतात. वळणात आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, म्हणून ते घासत राहतं आणि गाडीला सरळ ढकलतं. यावर एकच उपाय, आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. स्टिअरिंग फिरवलं की कॅस्टरमुळे (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिला दिलेला मागचा कल) आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, चासीला पीळ बसतो आणि मागचं आतलं चाक सुटतं. चाक सुटलं नाही तर वळणातून बाहेर पडताना इंजिन दबतं, आरपीएम चढायला वेळ घेतं. जास्त वेळ सुटलं तर कार्ट उड्या मारतं.

इथे सीट हा चासीचाच भाग आहे हे लोक विसरतात. ड्रायव्हरसह वजन पुढे साधारण ४२-४३ टक्के, मागे ५७-५८ असं चार काट्यांवर तोलून बघायचं. सीट फार पुढे बसली तर मागची पकड जाते, फार मागे बसली तर पुढची चाकं वळायलाच तयार नसतात. सीट एक माप मोठी घेऊन 'पोरगं वाढतंय, पुढच्या वर्षी बसेल' हा हिशेब करू नका. अंग आत हलतं, भार चासीत नीट उतरत नाही आणि बरगड्या ठेचतात. दुखऱ्या बरगडीचं मूल वळणाआधीच अंग आखडतं. ती आखडण्याची सवय पुढे मोठ्या गाडीतही जात नाही.

टायरची हवा थंडपणी १० ते १२ पीएसआयपासून सुरू करा. एप्रिलच्या उन्हात खालच्या टोकाला. चार-पाच फेऱ्यांनी कार्ट लोण्यावर चालल्यासारखं घसरू लागलं तर हवा जास्त आहे. पहिल्या दोन फेऱ्या अजिबात पकड नसेल आणि शेवटी छान धावत असेल तर कमी आहे. प्रेशर गेज एकच ठेवा आणि चारही टायर सावलीत मोजा. उन्हातली बाजू दीड पीएसआय खोटं सांगते.

दुपारपर्यंत ट्रॅकवर रबर बसतं आणि सकाळी सुरेख चालणारं कार्ट उड्या मारायला लागतं. तेव्हा मागची रुंदी वाढवायची. मोठ्या गटात मर्यादा १४०० मिलिमीटर. दोन्ही हब (चाक ॲक्सलला धरणारे भाग) ५-५ मिलिमीटर बाहेर, एका वेळी एकच बदल, आणि वहीत नोंद.

रोटॅक्सचं इंजिन १२५ सीसी, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. तेल पेट्रोलातच, दोन टक्के: पाच लिटरला १०० मिलि. मोजायला बाटलीचं झाकण नको, खुणांचं भांडं वापरा. पाण्याचं तापमान ५० ते ६० अंशांत ठेवा. रेडिएटरला चिकटपट्टी लावून थंड सकाळी झाकतात, ती दुपारी काढायला विसरले की इंजिन गरम होऊन दमतं. कार्ब्युरेटरची जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) फार बारीक लावून सरळ पट्ट्यात वेग काढायचा मोह टाळा. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की पिस्टन चिकटतो, तोही नेमका लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी थ्रॉटल सोडताना. कारण थ्रॉटल मिटला की तेलही थांबतं आणि इंजिन अजून वेगात असतं.

मृगजळ

फार कामाचा धागा. नऊ वर्षांच्या मुलीला सुरुवात करायची असेल तर पहिलं वर्ष कसं आखावं? आणि मुलींसाठी शरीराच्या ताकदीचा मुद्दा खरंच किती मोठा आहे?

कोल्हापुरी_कार्ट

पहिले तीन-चार महिने भाड्याचं फोर-स्ट्रोक कार्ट पुरे, पण लहान मुलांसाठीचं, पेडल पायाला पूर्ण पोचणारं. त्यावर फक्त दोन गोष्टी बघा: ब्रेक सरळ रेषेत मारते का, आणि वळणात नजर पुढच्या वळणाकडे जाते का. वेळ मोजू नका. मग मायक्रो मॅक्स, हा रोटॅक्सचा लहान मुलांचा गट. खरेदीत आधी सुरक्षा, मग इंजिन: मुलांच्या कार्टिंगसाठीचं हलकं, सीएमआर मानकाचं हेल्मेट, बरगड्यांचं कवच, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे, कार्टिंगचा सूट. मोठ्यांचं जड हेल्मेट लहान मानेवर कधीच नको. कार्ट वापरलेलं घ्या, पण चासी सपाट पाट्यावर ठेवून चारही कोपरे मोजून घ्या. वाकलेली चासी कितीही जुळणी केली तरी एका बाजूच्या वळणात चांगली आणि दुसऱ्या बाजूच्या वाईट चालते.

डेल्टा_टाइम

ताकदीबद्दल मी सांगतो. कार्टमध्ये आणि एफ-फोरमध्ये (कार्टनंतरची पायरी) मुलींना काही अडत नाही. बंद गाड्यांमध्ये तर अजिबात नाही. पुण्याच्या डायना पुंडोळे यांनी २०२४ मध्ये सलून गटाचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. अडचण येते ती एफ-थ्री आणि एफ-टूमध्ये, कारण तिथे पॉवर स्टिअरिंग नाही. एफ-वनमध्ये आहे, खालच्या गाड्यांत नाही. वेगवान वळणात हवेचा दाब वाढला की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. त्यामुळे खांदा आणि मनगटाची तयारी पंधराव्या वर्षापासून हवी, अचानक एका हिवाळ्यात ती होत नाही.

मानेचं गणित सोपं आहे. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलोच्या आसपास. चार जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या चौपट जोराच्या) वळणात तेच चोवीस किलो बाजूला ओढतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला मानेवर वजन लावू नका. दोरीच्या उड्या, पोहणं, लोंबकळणं एवढं पुरे. पंधरानंतर रबरी पट्टा कपाळाला लावून, गाडीतल्यासारखं मागे रेलून, डोकं स्थिर धरायचा सराव करायचा. दोन्ही बाजू सारख्या करायच्या. बहुतेक सर्किट घड्याळाच्या दिशेने फिरतात, उजवी वळणं जास्त, म्हणून एकाच बाजूचे स्नायू तयार होतात. मग इंटरलागोस किंवा ऑस्टिनसारखं उलटं सर्किट आलं की शर्यतीच्या शेवटी डोकं हेडरेस्टला टेकतं, आणि टेकलेल्या डोक्याने वळणाची आतली कड दिसत नाही.